चौथा सज्जा

“‘पूल’ म्हणजे,” द्वारकाने वाचलं, “गर्डर, बेअरिंग, दगडी खांब, खांबांचे पाये, गर्डरवरचे स्लीपर, मधली पायवाट, आणि ट्रॉली रेफ्यूज.”

“शेवटचं नाही,” मी म्हणालो.

“इथे लिहिलंय की.”

“ते जुन्या करारात. नव्यात काढलंय. लाल रेघ दिसत नाही का?”

तिने कागद दिव्याकडे तिरका धरला. “रेघ दिसते. पण ट्रॉली रेफ्यूज म्हणजे आपले सज्जेच ना? पुलावरचे? अहो, बाबा—”

“पुढे,” मी म्हणालो. “अजून अडतीस पानं आहेत.”

ती थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे वाचायला लागली.

ही शहाण्णव सालची, दिवाळीनंतरची संध्याकाळ. मांडवे जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमचं स्वयंपाकघर आठ बाय दहाचं होतं. मी इंजिनिअरिंग ऑफिसात टेंडरची कागदपत्रं तयार करणारा क्लार्क. जुना करार पुढे ठेवून नवा टाइप करायचा, मग एकाने जुना मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नव्यात बोट ठेवत जायचं, याला रुजुवात म्हणतात. ऑफिसात रुजुवातीला माणूस मिळत नसे. म्हणून मी कागद घरी आणायचो आणि द्वारका वाचायची. करार इंग्रजीत असायचा. ती अकरावीपर्यंत शिकलेली, लांब शब्द तुकडे पाडून वाचायची, पण चूक मात्र माझ्याआधी तिलाच सापडायची. तिला ते काम आवडायचं. मलाही त्या संध्याकाळी आवडायच्या, हे तेव्हा कधी तिला बोललो नाही.

द्वारका गेल्या माघात गेली. म्हणून आता लिहितो.

कराराच्या पहिल्या दोन पानांवर व्याख्या असतात. रेल्वेमार्ग म्हणजे काय, खडी कुठपर्यंत, भराव कुठपर्यंत, पूल म्हणजे काय काय. लोकांना ती पानं रटाळ वाटतात. पण सगळा करार तिथेच असतो. ज्याचं नाव त्या दोन पानांत नाही, त्याला पुढच्या अडतीस पानांत कुणी विचारत नाही. त्याला रंग लागत नाही, त्याचा गंजलेला पत्रा कुणी बदलत नाही. ते लोखंड जागेवरच असतं, फक्त ते कुणाचं नसतं.

एकशे बारा नंबरचा पूल बारा गाळ्यांचा. त्यावर बाहेरच्या बाजूला सहा सज्जे होते. लोखंडी कठडा, खाली पत्रा, दोन माणसं दाटीने उभी राहतील एवढी जागा. पुलावर पायी जाणाऱ्या माणसाच्या मागून गाडी आली, तर त्याने सज्ज्यात शिरायचं आणि गाडी जाऊ द्यायची. इंग्रजीत ट्रॉली रेफ्यूज, रुळांची निगा राखणाऱ्या गँगच्या तोंडी सज्जा.

त्या वर्षी पुलाची रोजची देखभालही पहिल्यांदा बाहेरच्या ठेकेदाराला द्यायची ठरली; जुना करार फक्त एका मोठ्या दुरुस्तीचा होता. मी केलेला खर्चाचा अंदाज आमच्या असिस्टंट इंजिनिअरांच्या मंजुरीच्या मर्यादेबाहेर जात होता. वर पाठवला असता तर आठ-दहा महिने लोंबकळला असता. निमखेडकर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“सपकाळे, काहीतरी खाली आणायला पाहिजे,” ते म्हणाले. “गर्डर काढता येत नाही, बेअरिंग काढता येत नाही. तुम्ही त्या लोकांतले. तुमचे वडील पॉइंट्समन होते, सासरे लाइनीवर आहेत. तुम्हीच सांगा, यातलं काय वापरात नाही?”

तुम्हीच सांगा, असं मला ऑफिसात त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं.

माझे सासरे, सुपडू तायडे, त्याच पुलावर कीमन होते. कीमन म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत लाल-हिरवी झेंडी घेऊन आपला सहा किलोमीटरचा पट्टा पायी चालायचा, रुळाला पकडून ठेवणारी प्रत्येक सैल झालेली चावी ठोकून बसवायची. एकतीस वर्षं ते हेच करत होते. त्याच आठवड्यात आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. भरीत होतं, कळण्याची भाकरी होती. द्वारका आणि सासूबाई आत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मामा, पुलावरचे सज्जे लागतात का हो कधी?”

“कोनाले?” ते म्हणाले.

“तुम्हाला. गाडी आल्यावर.”

ते हसले. जेवताजेवता डावा हात जमिनीवर टेकवून म्हणाले, “जावईबापू, रुळाले हात लावला का मले दीड कोसावरची गाडी समजते. सज्ज्यात शिरते तो कीमन कायचा? सज्जे साहेबलोकाईच्या ट्रॉलीसाठी. एकतीस वर्सांत माझा पाय लागला नाही तिथं.”

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, “लिहा मग, सज्जे वापरात नाहीत.” मी टिपणीत लिहिलं. जुन्या कराराच्या पानावर लाल शाईने रेघ ओढली, बाजूला माझी आद्याक्षरं आणि तारीख घातली. साहेबांनी पेन्सिलीने टिकमार्क केला. अंदाज मर्यादेत आला.

रुजुवात झाल्यावर जुने कागद घरीच पडून राहायचे. कागद जाड, एका बाजूने कोरा. द्वारका ते फडताळात डब्यांखाली अंथरायची. व्याख्येचं ते पान साखरेच्या आणि चहाच्या डब्याखाली गेलं. लाल रेघेचं टोक फळीच्या कडेला दिसायचं.

दोन पावसाळे गेले. ठेकेदाराने गर्डर रंगवले, बेअरिंगना ग्रीस लावलं, सगळं करारात लिहिल्याप्रमाणे. सज्ज्यांना त्याने हात लावला नाही, कारण ते त्याच्या करारात नव्हते. आमच्या माणसांनी लावला नाही, कारण पूल ठेकेदाराकडे होता.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये, सकाळी साडेदहाला, मुकादम हिवराळे धापा टाकत ऑफिसात आला. त्याच्या टाचेतून रक्त येत होतं, एक चप्पल पायात नव्हती.

“सपकाळे भाऊ, चला. तायडे बुवा पडले.”

“कुठे पडले?”

“चौथ्या सज्ज्यातून. मालगाडी होती. पत्रा फाटला अन् खाली गेले. नदीत पाणी नाही.”

मला आठवतं, मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा: “पण ते सज्ज्यात कशाला गेले?”

हिवराळेने माझ्याकडे बघितलं. “गाडी आल्यावर मानूस कोठे जाते?”

सासरे वाचले. कंबर गेली, दोन्ही पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये. ते पुन्हा चालणार नाहीत, असं डॉक्टरांनी द्वारकाला सांगितलं, आणि द्वारकाने ते कुणाला सांगितलं नाही. पण म्हाताऱ्याला पायांची तेवढी काळजी नव्हतीच. जूनअखेर त्यांची रिटायरमेंट होती.

आमच्या लाइनीवर एक रीत होती. गँगचा माणूस रिटायर झाला की शेवटच्या दिवशी त्याला पुश ट्रॉलीवर बसवून घरी आणायचे. ती ट्रॉली इन्स्पेक्टरची. एरवी तिच्यावर साहेब छत्रीखाली बसणार आणि खलाशी रुळांवरून पळत ती ढकलणार. ती आली की गँगवाले खडीतून खाली उतरून सलाम करायचे. त्या एका दिवशी मात्र रिटायर होणारा माणूस साहेबाच्या बाकावर बसायचा, गळ्यात झेंडूचा हार, आणि सगळी गँग ट्रॉली ढकलायची. बायका क्वार्टरच्या मागे रुळांशी ओवाळायला उभ्या राहायच्या. फक्त नोकरी साफ पाहिजे. ठपका असलेल्या माणसाला इन्स्पेक्टर ट्रॉली देत नसत.

“तीन महिने राह्यले,” सासरे हॉस्पिटलात हिवराळेला म्हणाले. “मले उचलून बसवसान ना रे? पाय नसले तरी बसता येते.”

“बसवू ना, बुवा. दोरीनं बांधू तुमाले.”

“दोरी नको. मेलेल्यासारखं दिसंन.”

दोघं हसले. द्वारका खिडकीकडे तोंड करून मोसंबं सोलत होती.

चौकशी लागली. अपघात झाला की कुणाच्या तरी नावावर तो पडावाच लागतो. इथे दोनच वाटा होत्या. सज्जा नादुरुस्त होता आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे दोष आमच्या ऑफिसचा. किंवा सज्जा बंद आहे हे माहीत असून तायडे त्यात शिरले, म्हणजे दोष त्यांचा. टिपणी माझ्या अक्षरात होती.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी संध्याकाळी घरी आलो तर स्वयंपाकघरात सगळे डबे खाली मांडले होते. द्वारका ओट्याशी उभी होती. तिने ते पान माझ्यासमोर धरलं. साखरेच्या डब्याचा गोल डाग पडला होता त्यावर.

“हे उद्या घेऊन जा.”

“कशाला?”

“यात लिहिलंय ना, सज्जा पुलाचाच भाग होता म्हणून. तो बाबांनी नाही काढला. रेघ कुणाची आहे तेही दिसतंय.”

“रेघ माझी आहे, द्वारका.”

“माहीत आहे मला. मीच वाचत होते.”

“नोकरी जाईल माझी.”

“जाणार नाही. बढती थांबेल, बदली होईल. साहेबांनी काढायला सांगितलं, मी काढलं, गँगला सांगायचं राहून गेलं. एवढंच म्हणा. खरं तेवढंच.” तिचा आवाज चढला नव्हता. “बाबांना ती ट्रॉली मिळू दे हो. दुसरं काही मागत नाही मी.”

मी पानाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. “बरं,” म्हणालो. मी खरंच तसं ठरवलं होतं. यावर कुणी विश्वास ठेवावा असं माझं म्हणणं नाही.

सकाळी ऑफिसच्या पायऱ्यांवर निमखेडकर साहेब भेटले. माझ्या दंडाला धरून बाजूला घेतलं. याआधी त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

“सपकाळे, जास्त बोलायचं नाही. विचारतील तेवढंच. गँगशी बोलला होतात ना तुम्ही?”

“एकाशी बोललो होतो, साहेब. जेवताना.”

“मग झालं तर. बोलणं झालं होतं.” त्यांनी माझा दंड सोडला. “हेडक्लार्कची फाइल माझ्या टेबलावर आहे. ते आपण नंतर बघू.”

समितीत तिघे होते, बाहेरच्या डिव्हिजनमधून आलेले. अध्यक्ष जाड भिंगाच्या चष्म्याचे, सभ्य गृहस्थ. एका बाजूला निमखेडकर साहेब बसले होते. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

“सज्जे वापरात नाहीत, हे तुम्ही कशावरून लिहिलं?”

“चौकशी करून, साहेब.”

“कुणाकडे?”

“गँगकडे.”

“म्हणजे सज्जे आता देखभालीत नाहीत, हे गँगला माहीत होतं?”

खिशातल्या घडीचं टोक मला छातीला टोचत होतं. निमखेडकर साहेब रुमालाने घड्याळाची काच पुसत होते.

“हो साहेब.”

“लेखी कळवलं होतं?”

“तोंडी.”

“कुणी सांगितलं?”

“मी.”

“कुणाला?”

इथे मी हिवराळेचं नाव घेऊ शकलो असतो, पण हिवराळे बाहेर बाकावर बसला होता आणि त्याने नाही म्हटलं असतं. आठवत नाही, असंही म्हणता आलं असतं. तेव्हा सुचलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होतो. सुचलं होतं. पण नाही न म्हणणारा एकच माणूस मला माहीत होता.

“कीमन तायडे यांना.”

“ते तुमचे कोण?”

“सासरे.”

अध्यक्षांनी लिहून घेतलं. मान वर करून जरा हसले. “मग तर नीट समजावूनच सांगितलं असेल.”

“हो साहेब.”

दुपारी समिती हॉस्पिटलात गेली. सासऱ्यांचा जबाब कॉटवरच घ्यायचा होता. मलाही बरोबर नेलं, ओळख पटवायला. द्वारका डबा घेऊन आलेली होती. साहेबमंडळी आलेली बघून ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिने माझ्या खिशाकडे बघितलं.

अध्यक्ष कॉटच्या डाव्या बाजूला बसले. “तायडे, सज्जे वापरायचे नाहीत असं तुम्हाला आधी सांगितलं होतं?”

सासरे गप्प. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. सासऱ्यांची नजर त्यांच्या ओठांवर होती. मग ती तिथून सरकली आणि माझ्यावर आली. मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. किती वेळ बघत होते ते सांगता येणार नाही. मी मान खाली घातली.

“हो साहेब,” ते म्हणाले.

“कुणी सांगितलं होतं?”

आता अध्यक्षांचा आवाज मोठा होता.

“जावयानं सांगतलं होतं. माझंच ध्यान नव्हतं.”

भिंतीशी डब्याची कडी वाजली. अध्यक्षांनी कागद पुढे केला. कारकुनाने शाईचा पॅड काढला तर सासऱ्यांनी तो हाताने बाजूला सारला. सही करायला ते चाळिशीत शिकले होते. छातीवर पाटी ठेवून त्यांनी एकेक अक्षर सुटं सुटं काढलं. समिती निघून गेली.

द्वारका पुढे आली. उजव्या बाजूला बसली, त्यांच्या कानाशी वाकली.

“बाबा, त्यांनी काय विचारलं ते ऐकू आलं होतं तुम्हाला?”

“अर्धं.”

“मग हो कशाला म्हणालात?”

“जावईबापूचं तोंड पाह्यलं.”

मीच बोललो. मला तेव्हाही माझीच सुटका हवी होती. “मामा, तुम्हीच मला म्हणाला होतात ना, सज्ज्यात पाय लागला नाही म्हणून? एकतीस वर्षांत?”

“म्हनलो होतो.”

“मग?”

“डावा कान गेला, जावईबापू. तीन वर्सं झाली. उजवा बी अर्धा. रुळाले हात लावून समजते, पन चालता चालता कितीदा वाकंन मानूस? मी रोज सज्ज्या सज्ज्यानं पूल उतरे. एका सज्ज्यात उभं राह्याचं, मांगं पाह्याचं, मंग दुसऱ्यापर्यंत पळाचं.”

“मग मला खोटं का सांगितलंत?”

“तुमी हाफिसचे.” ते अगदी साधेपणाने म्हणाले, त्यात राग नव्हता. “उद्या मेडिकलले धाडलं असतं तर? लाइनीवरून काढून गेटावर बसवलं असतं मले. गेटावरच्या मानसाले ट्रॉलीवर आनत नाहीत.”

मग थोड्या वेळाने त्यांना हसू आलं. “हिवराळे सांगत होता, कागदावर तो सज्जाच नाही म्हने. जिथं मी उभा होतो तिथं काही नव्हतंच. मंग मी पडलो कोठून हो, जावईबापू?”

हसताना त्यांच्या बरगड्या दुखल्या. द्वारकाने त्यांच्या छातीवर हात ठेवला.

घरी आत गेल्यावर तिने हात पुढे केला.

“कागद.”

मी दिला. घडी जशी घातली होती तशीच होती. सकाळच्या घामाने कडा ओलसर झाल्या होत्या, एवढंच.

“काढलाच नाहीत.”

“वेळच आली नाही. त्यांनी विचारलं वेगळंच.”

तिने घडी उलगडली, पान हाताने सपाट केलं, फडताळाच्या फळीवर अंथरलं. लाल रेघेचं टोक कडेला येईल असं. त्यावर साखरेचा डबा ठेवला, चहाचा ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्या दिवशी मी ‘बाबा’ एवढंच म्हणाले होते. बाबा सज्ज्यातून जातात, असं सांगणार होते. तुम्ही पुढे म्हणालात.”

“तू थांबायला हवं होतंस.”

“हो,” ती म्हणाली. “तेही आहेच.”

निकाल लागला. अपघात स्वतःच्या निष्काळजीपणाने. हिवराळे तीनदा इन्स्पेक्टरांकडे गेला, शेवटच्या वेळी सगळ्या गँगला घेऊन गेला. ट्रॉली मिळाली नाही. तीस जूनला आम्ही सासऱ्यांना टेम्पोतून क्वार्टरवर आणलं. सासूबाईंनी ओवाळलं. कॉट मागच्या दाराशी ठेवली, तिथून लाइन दिसायची. चारच्या सुमाराला इन्स्पेक्टर साहेब नेहमीच्या तपासणीला ट्रॉलीवरून गेले. सासऱ्यांनी कॉटवर पडल्या पडल्या सलाम केला. साहेबांचं लक्ष नव्हतं.

ते पुढच्या वर्षी गेले. मी तोपर्यंत हेडक्लार्क झालो होतो. त्याच सुमाराला वरून पत्र आलं की सर्व करारांत पुलाच्या व्याख्येत ट्रॉली रेफ्यूज पुन्हा घालावेत. ते पान मीच टाइप केलं. रुजुवातीला घरी आणलं आणि टेबलावर ठेवलं. द्वारका भाकऱ्या करत होती.

“ऑफिसात करून घ्या,” ती म्हणाली. “मला हल्ली वाचवत नाही.”

पेपर वाचत होती, पोथी वाचत होती, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होती. मला मात्र तिने त्यानंतर काही वाचून दाखवलं नाही. भांडली नाही, माहेरी गेली नाही. माझं पथ्यपाणी, माझं आलं-गेलं सगळं केलं. लोकांना आमचा संसार चांगला दिसायचा. दर दिवाळीला ती फडताळ धुवायची, डब्यांखालचे सगळे कागद बदलायची, तो एक सोडून. रिटायर झाल्यावर आम्ही गावात घर बांधलं. नव्या घरात स्वयंपाकघराला ग्रॅनाइटची फळी होती, कागद अंथरायची गरज नव्हती. तिथेही तिने तो अंथरला. तेवीस वर्षं सकाळचा चहा मी त्या रेघेसमोर प्यालो. तिने त्याबद्दल पुन्हा अक्षर काढलं नाही आणि मीही काढलं नाही. तिने काढावं अशी मी वाट बघत होतो. तीही तशीच वाट बघत असणार.

गेल्या माघात तिच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. आत नेण्याआधी नर्सने बांगड्या काढून घेतल्या, चष्मा काढून घेतला, आणि मला एक फॉर्म दिला.

“वाचून सही करा, बाबा. इथे आणि इथे.”

मी पेन काढला. द्वारकाने डोळे उघडले.

“काय आहे ते?”

“फॉर्म आहे. नेहमीचा.”

“वाचा.”

“सगळा?”

“मोठ्याने वाचा.”

मी खुर्ची तिच्या उजव्या हाताशी ओढून घेतली आणि वाचायला लागलो. शस्त्रक्रिया म्हणजे काय काय, त्यात काय येतं, काय येत नाही. भूल. रक्त लागल्यास. एका ठिकाणी लिहिलं होतं, अमुक झाल्यास रुग्णालय त्याला बांधील राहणार नाही. तिथे मी थांबलो.

“पुढे,” ती म्हणाली.

मी वाचलं. पानाच्या तळाशी आलो.

“झालं?”

“एक ओळ राहिली. जबाबदार व्यक्तीचं नाव, नातं आणि सही.”

तिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली. नर्स दारात येऊन उभी राहिली होती, हातात ट्रॉलीचा दांडा धरून.

“कुणाचं नाव घालताय?” द्वारकाने विचारलं.

“माझं.”

“पूर्ण लिहा. आद्याक्षरं नकोत.”

मी पूर्ण लिहिलं. भास्कर रामदास सपकाळे. तिने हात पुढे केला. मी कागद दिला. चष्मा नव्हता, म्हणून तिने तो डोळ्यांच्या अगदी जवळ धरला आणि नावाखालून बोट सरकवत नेलं, रुजुवातीला मी नेत असे तसं. शेवटच्या अक्षरापर्यंत गेली. मग कागद माझ्या हातात दिला.

“हं,” ती म्हणाली. “आता द्या त्यांना.”